लिंबू लागलं की तांबं हसतं

मोरीत ओकलेलं पाणी हिरवट निळं होतं. वैष्णवी, माझ्या वरच्या खोलीतली भाडेकरू पोरगी, भिंतीला टेकून खाली बसली होती, ओठ पांढरे पडलेले, दोन्ही हात पोटावर. बारा दिवसांवर तिची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा.

"काय खाल्लंस गं?" मी विचारलं.

"काहीच न्हाई आजी. सकाळपासून नुसतं पाणीच पिऊन राहिले." तिनं दाराजवळच्या बाटलीकडं बोट केलं. तांब्याची, ठोक्याची बाटली. माझ्याच दुकानातली.

मी बाटली उचलली, टोपण काढलं, वास घेतला. मग बोट ओलं करून जिभेला लावलं. आधी गोड लागलं, मग आंबट, आणि त्याच्या मागून ती चव आली, जी मी परकर नेसत होते तेव्हापासून ओळखते. कळक, आंबटानं तांबं सुटलं की येते ती.

"ह्यात लिंबू हाय?"

"हाव. मम्मीनं सांगितलंय. साखर-मीठ-लिंबू करून रात्री ठेवते, सकाळी क्लासला नेते. ऊन लागू नये म्हणून."

"कधीपासून?"

"महिना झाला असंल."

महिनाभर ही पोरगी माझ्या डोक्यावरच्या खोलीत मळमळत होती. आठ दिवसांपासून जेवत नव्हती. मेसवाल्या बाईंनी सांगितलं टेन्शन आहे, क्लासच्या सरांनी सांगितलं टेन्शन आहे, शेजारणीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आणि मी, तांब्या-पितळेच्या धंद्यात जन्म गेलेली बाई, काय सांगितलं होतं? "पोरी, तांब्यातलं पाणी जास्त पीत जा, पोट साफ राहतं." तिनं ऐकलं.

माझ्या मुलानं, दत्तानं, रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं. मी बाटली पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

"कुणी विकली ही?"

"मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बरं झालं काकू, बाटलीसकट आलात. नाहीतर मी आणखी दोन दिवस कावीळ आणि टायफॉईड शोधत बसलो असतो."

तेवढ्यात मला आठवलं. तिच्या आईनं बाटल्या दोन नेल्या होत्या. एक लेकीला, एक स्वतःला. "लेक जे पील ते मी पीन," असं म्हणाली होती, नवस बोलावा तशी.

आई देवणीला. नाव सुरेखा. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी ती, एक गाय आणि दोन एकर रान. वैष्णवीच्या फोनवरून फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत तेच. सहा वेळा लावला.

"मम्मी रानात जाताना फोन घरीच ठेवती," वैष्णवी म्हणाली. "धसकटं वेचायला गेली असंल."

"शेजारी कुणाचा नंबर हाय का?"

"घर रानातच हाय आजी. शेजारी कोण न्हाई."

दत्ताला म्हणाले, "गाडी काढ आणि देवणीला जा. ती बाई पाणी पीत असली तर हातातून बाटली हिसकून घे." तो लगेच गेला. माझ्या मुलाचा हा एक गुण आहे, आधी जातो, मग विचारतो.

देवणीला पोचायला मोटारसायकलला दीड तास. तो वेळ मी दवाखान्याच्या बाकावर काढला. दिवाळी अंकवाल्यांनी 'तुमच्या धंद्याबद्दल लिहा' म्हणून निरोप पाठवला, तेव्हा मला दुसरं काही आठवलंच नाही, तो बाकच आठवला. मी चौथी पास आहे. सजवून लिहायला जमत नाही, आणि ह्यात सजवण्यासारखं काही नाही.

माझं माहेर नांदेडचं. वडील तांब्याची भांडी ठोकायचे. पत्रा लाल करायचा, निववायचा, ठोकायचा, परत लाल करायचा. घरात दिवसभर ठकठक. आम्ही भावंडं एवढ्या मोठ्यानं बोलायला शिकलो की सासरी लातूरला आल्यावर सासूला वाटलं, सून भांडतेय. सासरी दुकान होतं, अजून आहे. सासरे विकायचे, मग नवरा, तो गेल्यावर मी. आता दत्ता गल्ल्यावर बसतो आणि मी त्याच्या बाजूला बसून त्याच्या चुका काढते.

आमचा माल ओळखायचा कसा, ते बाहेरच्यांसाठी सांगते. बाटली टिचकी मारून ऐकायची. जाड पत्र्याचा नाद लांबतो, पातळाचा लगेच मरतो. आत बोट घालून सांधा चाचपायचा. बाहेरून चकचकीत असेल तर समजायचं की वर पारदर्शक रंग मारलाय, तो घासला की सोलणार. आतून मात्र उघडं तांबंच पाहिजे. स्वयंपाकाच्या तांब्या-पितळेला आतून कल्हई लागते, म्हणजे कथलाचा पांढरा हात. पाण्याच्या भांड्याला कल्हई करत नाहीत, कारण पाणी तांब्याला लागावं म्हणूनच तर ते तांब्यात ठेवायचं.

एक निवृत्त गुरुजी लोहचुंबक घेऊन आले होते. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाटलीला नाही चिकटला, टोपणाला चिकटला. आतली कडी स्टीलची होती. "भेसळ!" म्हणून त्यांनी सगळी गल्ली गोळा केली. मी म्हणाले, "गुरुजी, पाणी बाटलीत राहतं, टोपणात न्हाई." टोपण काढून द्या म्हणाले. दिलं. बिनटोपणाची बाटली घेऊन गेले. अजून कुठं भेटले की नमस्कार करतात.

एक साहेबांच्या बाई तांब्याची बाटली फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि 'गुण येत नाही' म्हणून तक्रार घेऊन यायच्या. क्लासची पोरं विचारायची, "आजी, ह्यानं पाठांतर वाढतं का?" मी सांगायचे, "पाठ केल्यानं वाढतं." आणि एक तरुण चिठ्ठी घेऊन आला होता. चिठ्ठीवर कुणीतरी लिहून दिलेलं, वात साठ टक्के, पित्त चाळीस टक्के. "मला कोणती बाटली?" मी म्हणाले, "साठ टक्के भरलेली." पण माझं हसू मलाच टोचलं. कारण मला खरंच माहीत नव्हतं.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी असलं कुणी विचारलं नाही. तेव्हा लोकांनी प्लास्टिकच्या कॅनपासून रंगाच्या डब्यापर्यंत मिळेल त्यात पाणी भरलं. नळाला पाणी परत आलं, आणि दोन-तीन वर्षांत सगळ्यांना भांड्याची प्रकृती सुचायला लागली. फोनवर सगळे व्हिडिओ बघायचे आणि आमच्याकडं यायचे. धंदा वाढला, मला वाईट कशाला वाटेल? पण लोक काय विचारतात तेच कळेना, म्हणून भाच्याच्या लग्नाला नांदेडला गेले तेव्हा माहेरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या वैद्यांकडं गेले. वडील त्यांना खल करून द्यायचे.

"वैद्यबुवा, पाण्याला कोणतं भांडं चांगलं?"

"कुणाला?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"भांडं नंतर विचार. आधी पिणारा कोण ते विचार, मग दिवस कोणते ते विचार." आणि एकेक सांगत गेले. तांबं उष्ण. जड अंगाच्या, कफाच्या माणसाला बरं, थंडीत बरं, रात्री भरून ठेवावं, सकाळी प्यावं, आणि दिवसभर तेच ढोसत बसू नये. ज्याला पित्ताचा त्रास, त्याला चांदी. परवडत नसेल तर माती. मातीचं पाणी गार, उन्हाळ्यात त्याच्यासारखं नाही. काच कुणाच्यात मिसळत नाही, आणि आंबट-खारट ठेवायला तीच. सोनं राजाला.

"आणि स्टील?"

"स्टील पोथीत न्हाई. तेव्हा नव्हतंच. पण बिचारं कुणाचं वाईट करत न्हाई."

मी निघाले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "तांब्यात निव्वळ पाणी हां. आंबट, खारट, दूध, ताक काही न्हाई. पण ते काय, तुला सांगायची गरज न्हाई. ते सगळ्यांना ठाऊक असतं."

मलाही तसंच वाटलं. परत येऊन दत्ताकडून पाटी रंगवून घेतली. कफाला तांबं, पित्ताला चांदी, उन्हाळ्यात माती. शेवटची ओळ लिहिली नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं पाटीवर कशाला लिहायचं? आमच्याकडं कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं तर आई ते सरळ उकिरड्यावर ओतायची. 'कळकलं' एवढाच शब्द म्हणायची, आणि आम्ही लांब व्हायचो. विंचू म्हटल्यावर होतात तसे.

बाकावर बसून मी हाच विचार करत होते. सुरेखाला हे माहीत कसं नाही? चाळिशीची बाई. मग माझ्या ध्यानात आलं, ती जन्मली तेव्हा घराघरातून तांबं-पितळ निघून गेलं होतं. लोकांनी मोडीत घालून स्टील नेलं, आमच्याच दुकानातून नेलं, मीच त्यांना 'घासायला सोपं' म्हणून सांगितलं होतं. स्टीलमध्ये काहीही ठेवा, काही होत नाही. त्या स्टीलवर दोन पिढ्या वाढल्या. आता त्यांना तांबं परत पाहिजे, पण तांब्याबरोबरचं भेव कुणी परत विकत दिलं नाही.

तरी लिंबूच का, हा किडा डोक्यातून जाईना. नुसतं पाणी सोडून हिला सरबत त्यातच करायचं कुणी सुचवलं? मला वाटलं, फोन. व्हिडिओतल्या कुणीतरी सांगितलं असणार. त्या न बघितलेल्या माणसाला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

दोन तासांनी दत्ताचा फोन आला.

"आई, सापडल्या. बांधावर बाभळीखाली पडल्या होत्या. ओकून राहिल्यात. म्हणतात ऊन लागलं."

"बाटली?"

"हातात हाय. अर्धी रिकामी."

"शुद्धीवर हाय का?"

"हाव, बोलून राहिल्यात. म्हणतात, गाईला पाणी पाजल्याशिवाय येणार न्हाई."

"मग पाज की बाबा गाईला! आणि घेऊन ये."

त्यानं गाईला पाणी पाजलं, जीप केली आणि दिवस मावळायच्या आत सुरेखाला आणलं. ती लेकीपेक्षा वाईट होती. डोळे पिवळट, हातपाय गार. रोज रिकाम्या पोटी अख्खी बाटली प्यायची, वरून रानातलं ऊन. डॉक्टर म्हणाले, लिव्हरला सूज आहे, रात्र जाऊ द्या, मग सांगतो. लेकीच्या शेजारच्या कॉटवर तिला ठेवलं. वैष्णवी तिकडं तोंड करून झोपली, सलाईनचा हात लांब करून आईच्या चादरीला धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखानं डोळे उघडले तेव्हा मी जवळ होते. आजारी माणसाला विचारायची ती वेळ नव्हती, पण मला राहवलं नाही.

"बाई, तांब्यात लिंबू घालायचं तुला कुणी सांगितलं? फोनवर बघितलंस का?"

ती माझ्याकडं नवल करून बघत राहिली. "न्हाई आक्का. तुमीच की."

"मी कधी?"

"बाटल्या घेतल्या तेव्हा. तुमी काळी पडलेली बाटली घेतली, अर्धं लिंबू मिठात बुडवलं, आन् चोळलं. लालभडक झाली. तुमी म्हणलाव, बघ, लिंबू लागलं की तांबं कसं हसतं. मी म्हणलं, भायेरून एवढं साफ करतं, तर आतून पोटातलं बी करंल. तांबं बी चांगलं, लिंबू बी चांगलं. पोरीचं तोंड उन्हानं सुकून गेलं होतं आक्का. मला वाटलं, दोन्ही एकात दिलं तर लई चांगलं."



हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं. त्यांच्याकडून नवऱ्याकडं आलं, नवऱ्याकडून माझ्याकडं. गिऱ्हाईक घुटमळलं की गल्ल्याखालचं लिंबू काढायचं, मीठ लावायचं, काळं भांडं चोळायचं. डोळ्यांसमोर काळ्याचं लाल होतं. त्या एका खेळावर आमचं निम्मं दुकान चाललं. तांब्याचा वरचा थर लिंबू खातं, म्हणूनच तर ते लाल दिसतं. खाल्लेलं जातं कुठं? आम्ही ते फडक्यानं पुसून टाकायचो. हिच्या बाटलीत पुसणारं कुणी नव्हतं. ते पोटात गेलं. एवढी सरळ गोष्ट, आणि चाळीस वर्षं लिंबू माझ्याच हातात होतं.

"आक्का, चुकलं का माझं?" सुरेखा म्हणाली.

"न्हाई," मी म्हणाले. "माझं चुकलं."

घरी येऊन मी एक उद्योग केला. एकाच पातेल्यात लिंबाचं सरबत केलं आणि चार ठिकाणी भरलं. तांब्यात, स्टीलमध्ये, मडक्यात, काचेच्या बरणीत. सकाळी चार काचेच्या पेल्यांत ओतलं. स्टीलचं होतं तसंच. काचेतलं होतं तसंच. मडक्यानं थोडं पिऊन घेतलं होतं आणि बाकीच्याला मातीचा वास दिला होता. तांब्यातल्याकडं नुसतं बघितलं तर काही कळत नव्हतं. जरा हिरवट झाक, तीही मला वाटली, दत्ताला दिसली नाही. मला भीती वाटली ती ह्याचीच. हिरवंगार झालं असतं तर कुणी पिलंच नसतं. साखरेनं चव झाकली, सवयीनं रंग झाकला. आणि बाटलीच्या आत बघितलं, तर ती नव्यासारखी लालभडक हसत होती.

ते दुकानातलं लिंबू मी बंद केलं. दत्ता म्हणाला, "आई, मग गिऱ्हाइकाला दाखवायचं काय?" मी म्हणाले, "बाटली दाखव." आता भांडं चोळून दाखवत नाही. आधी विचारते, पिणार कोण, आणि ह्यात घालणार काय. पाणी सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, की काच किंवा स्टील दाखवते. 'आजी, तुम्हाला विकायचंय की नाही?' असं म्हणून काही जण पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत. पाटीवर चौथी ओळ लिहून घेतली, बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात. सगळ्यांना ठाऊक असलेली.

वैद्यबुवांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मी पण सांगायला पाहिजे होतं." 'त्यांनी तुला सांगितलं होतं की!' असं कुणी म्हणेल. सांगितलं होतं. पण सांगायची गरज नाही असंही सांगितलं होतं, आणि मला तेच सोयीचं वाटलं.

वैष्णवी चौथ्या दिवशी घरी आली. नाकासमोर पुस्तक, हातात माझी पेज. पुस्तकातलं वाचायची आणि मला सांगायची, "आजी, तांबं शरीराला लागतं बरं का, पण कणभर." मी म्हणायचे, "ते पुस्तक माझ्या दुकानाच्या आधी छापलं असतं तर बरं झालं असतं." ती हसायची. आईला सोडायला आणखी पाच दिवस लागले. तोवर गाईकडं बघायला दत्ता दोनदा देवणीला गेला. गाईनं त्याला लाथ मारली ते वेगळं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वैष्णवी खाली आली. "आजी, केंद्रावर पारदर्शकच बाटली चालती. तांब्याची, स्टीलची काही चालत न्हाई."

मग मी, जिच्या घरात तीन पिढ्या तांबं ठोकलं आणि विकलं गेलं, चप्पल घालून चौकातल्या दुकानात गेले आणि प्लास्टिकची पारदर्शक बाटली घेऊन आले. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काय मावशी, धर्म बदलला का?" मी म्हणाले, "तू पिशवी दे गप." घरी येऊन गरम पाण्यानं तीनदा विसळली आणि नळाचं उकळून गार केलेलं पाणी भरलं. नुसतं पाणी.

तिनं पेपर दिला. त्या वर्षी नंबर लागला नाही. आठ-दहा दिवस हातचे गेले म्हणून, की नसताच लागला, ते सांगता येत नाही, आणि तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. पुढच्या वर्षी परत बसली, तरी लागला नाही. आता नांदेडला नर्सिंगला आहे, माझ्या माहेराहून चालत जाण्यासारख्या अंतरावर. सुरेखा देवणीला आहे. रानात जाताना मडकं नेते, आणि फोन पदरात बांधून नेते.

त्या दोन बाटल्यांतलं दोघीजणी प्याल्या होत्या. दोघी जगल्या.